बांधावरची ओपीडी

माझ्या नोकरीतली सगळ्यात मोठी चूक मी नियमाला धरून केली, आणि तीही सुवाच्य अक्षरात. म्हणून ती आधी सांगते. नियम मोडल्याचं ऐकायला ज्यांचे कान टवकारले असतील त्यांनी जरा दम धरावा. तेही पुढे आहे, आणि त्याचं मला तिळमात्र वाईट वाटत नाही.

नांदेड जिल्ह्यातल्या एका गावात मी आरोग्य उपकेंद्र सांभाळते. गावाचं नाव सांगत नाही, तालुकाही सांगत नाही, कारण ज्या साहेबांशी माझं वाजलं त्यांच्याशी माझं वैर नाही. लोह्याच्या बाजाराला जाणारी एसटी आमच्या फाट्यावर थांबते, एवढं पुरे. केंद्र म्हणजे दोन खोल्या, पुढे ओटा, आत गोळ्यांचं कपाट, बीपीचं मशीन आणि मी. बीपी-शुगरच्या गोळ्या इथं फुकट मिळतात. ‘फुकट’ हा शब्द मी तेव्हा फार विश्वासानं वापरायचे.

रुजू झाले त्या पहिल्याच महिन्यात, एका गुरुवारी, एक बाई आली. पन्नाशीची, हाडापेरानं मजबूत, डोक्याला टॉवेल गुंडाळलेला. ओट्यावर चपला काढल्या, पदराची गाठ सोडली आणि माझ्या टेबलावर अकरा चिंध्या ओळीनं मांडल्या. एक हिरवी बुट्ट्यांची, एक जांभळी, एक विटक्या लाल काठाची. प्रत्येक चिंधीत गोळ्यांचं एकेक रिकामं पाकीट, म्हणजे कुणाला काय चालू आहे ते मला कळावं.

"ह्या अकराजणींच्या गोळ्या द्या बाई," ती म्हणाली.

"पेशंट कुठे आहेत?"

"रानात हायत. सोयाबीन खुरपायल्यात."

"मग तुम्हाला कशा देऊ?"

"माजी पाळी हाय ह्या म्हैन्याला."

ही बाई म्हणजे गावातल्या खुरपणीच्या टोळीची म्होरकी. सगळं गाव तिला मावशी म्हणतं, मीही पुढे मावशीच म्हणू लागले. टोळीत सोळा बायका. त्या शेत गुत्त्यानं घेतात, म्हणजे अख्ख्या शेताचे पैसे आधी ठरतात आणि ते सोळाजणींत सारखे वाटले जातात. खुरपताना प्रत्येकीनं ओळींचा एक पट्टा धरायचा, त्याला पात म्हणतात. महिन्यातून एकदा एकीनं कामावर न जाता केंद्रात यायचं आणि अकराजणींच्या गोळ्या न्यायच्या. त्या दिवशी तिची पात बाकीच्या जणी मिळून ओढायच्या, आणि संध्याकाळी तिचा वाटा तिला पुरा मिळायचा. पुढच्या महिन्यात दुसरीची पाळी. हे कुणी लिहून ठेवलेलं नव्हतं. माझ्याआधीच्या सिस्टरनं चालवून घेतलं होतं.

मी चालवून घेतलं नाही. बीपी न मोजता गोळ्या? एकीनं अकराजणींच्या न्यायच्या? चिंध्यांत? मी नवी होते, आणि नव्या माणसाला नियम फार गोड लागतात. गोळ्या मी दिल्या, पण आधी त्या अकराही चिंध्या उचलून कचऱ्याच्या डब्यात टाकल्या. मग कागदाची पांढरी पाकिटं काढली, रजिस्टर बघून एकेकीचं पूर्ण नाव लिहिलं, सकाळ-संध्याकाळ लिहिलं, जेवणाआधी की नंतर तेही लिहिलं. माझं अक्षर चांगलं आहे. मावशी ते बघत बसली होती.

"पाकिटं समदी येकसारखी हायत की ओ," ती म्हणाली.

"नावं लिहिली आहेत ना मावशी!"

तिनं पाकिटं पदरात बांधली आणि ती ओटा उतरली. अकराजणींपैकी एकीलाही वाचता येत नाही, हे मला सुचू नये याची मला आज लाज वाटते. कारण माझी माय औशाकडच्या एका खेड्यात आयुष्यभर अशाच टोळीत खुरपत होती, आणि मायलाही वाचता येत नव्हतं. मी तिच्या पोटची. मी जर हे विसरले, तर दुसऱ्या कुणाला नावं ठेवू?

त्या रात्री टोळीत पाकिटं वाटली गेली, जिच्या हाताला जे लागलं ते. गोळी बघून ओळखावी म्हणाल, तर सरकारी गोळीचा रंग आणि आकार दर खेपेला बदलतो, त्यामुळे गोळीवर कुणाचा भरवसा नव्हता. भरवसा चिंधीवर होता. आपल्या लुगड्याची चिंधी बाई अंधारातही हातानं ओळखते. मी ते काढून घेतलं आणि त्या जागी सुवाच्य अक्षर दिलं.

दोन दिवसांनी मावशी शेतात आडवी झाली. मावशीला बीपी, आणि तिनं घेतली होती शुगरची गोळी, तीही सकाळी उपाशीपोटी. घाम फुटला, हातपाय थरथरले, डोळ्यांसमोर अंधारी आली. शेजारच्या पातीवर एक शुगरवाली बाई होती, तिनं ते थरथरणं ओळखलं. शुगरवाल्या बायकांच्या पदरात गुळाचा खडा बांधलेला असतो. तो तिनं मावशीच्या दातांत कोंबला. मला निरोप येऊन मी पळत पोचेपर्यंत मावशी बांधावर उठून बसली होती आणि बाकीच्या तिच्या पातीवर परत लागल्या होत्या.

यानंतर शहाणं माणूस काय करेल? चिंध्या परत आणेल. मी काय केलं? घाबरले. घाबरलेलं माणूस आणखी एक नियम करतं. मी ओट्यावर फळा लावला: ज्याची गोळी त्याने स्वतः यावे. सोमवार ते शनिवार, नऊ ते एक.

त्यानंतर टोळीतलं कुणीच आलं नाही. पहिला महिना गेला, दुसरा गेला. माझं रजिस्टर मात्र इतकं स्वच्छ झालं होतं की तपासणीला आलेल्या बाईंनी शेरा चांगला दिला.

दोन महिन्यांनी मी एका संध्याकाळी, दिवेलागणीला, मशीन पिशवीत घालून मावशीच्या घरी गेले. ती चुलीपुढे होती. पलीकडे बाजेवर तिची जाऊ पडलेली. तिला तीन वर्षांपूर्वी लकवा मारला होता, उजवं अंग गेलं होतं, बोलणंही गेलं होतं. तिचा नवरा आधीच वारलेला, मूलबाळ नाही. सकाळी कामावर जायच्या आधी मावशीनंच तिला धुवायचं, भरवायचं, आणि संध्याकाळी येऊन पुन्हा तेच. दिवसभर शेजारीण डोकावायची.

मी मावशीला दहा मिनिटं बसवलं आणि पट्टा बांधला. वरचा दोनशे दहा, खालचा एकशे वीस. मी पुन्हा मोजला. तेवढाच.

"मावशी, गोळ्या कधीपासून बंद आहेत?"

"तुमी फळा लावला तवापसून."

"असं करू नका हो. हे बघा समोर," मी बाजेकडे बोट दाखवलं. तेव्हा माझा आवाज चढला होता. "हिच्यासारखं झालं तर हिलाही कोण भरवणार आणि तुम्हालाही कोण?"

"व्हईल कायी तरी. कार्ड हाय की," मावशी म्हणाली. "पेटीत जपून ठिवलंय. मोटं कायी झालं म्हंजी काडायचं. हिला लकवा मारला तवा चाललं की कार्ड. दहा दिस दवाखान्यात ठिवली, येक रुपाया घेतला न्हाई. लई चांगलं बगितलं."

"आणि त्याआधी? तिला बीपी होता, तेव्हा गोळ्या?"

"गोळ्याला चालत न्हाई ना कार्ड."

ती हे अगदी सरळ सांगत होती, पाऊस पडत नाही म्हणावं तसं. माझ्या मात्र अंगाची आग झाली. कारण हे मला नवं नव्हतं. इथं येण्याआधी तीन वर्षं मी लातूरला एका खाजगी दवाखान्यात होते. नर्स म्हणून लागले आणि अक्षर चांगलं म्हणून खिडकीवर बसवली गेले. विम्याचं कार्ड घेऊन लोक खिडकीशी यायचे, आणि मी दिवसभर एकच वाक्य बोलायचे: ॲडमिट असेल तर चालतं, नुसतं दाखवायचं असेल तर नाही. एकदा निलंग्याकडचं एक म्हातारं जोडपं आलं. म्हाताऱ्याला शुगर, अंगठ्याला जखम. रोज ड्रेसिंग करायचं, गोळ्या घ्यायच्या, महिनाभर. त्याचे पैसे त्यांच्याकडे नव्हते. म्हातारीनं कार्ड खिडकीतून आत सरकवलं. मी माझं वाक्य म्हटलं. तिनं विचारलं, "मंग पाय कापायचा झाला तर चालंल का?"

मी म्हटलं, "हो, तेव्हा चालेल."

ती म्हणाली, "बरं," आणि कार्ड पुन्हा पिशवीत घालून ती दोघं निघून गेली. मला त्या ‘हो’चा राग आजही येतो. पाय कापायला पैसे आहेत, पाय राखायला नाहीत. लकव्याला दहा दिवस गादी आहे, लकवा टाळायला एक गोळी आणून द्यायला माणूस नाही. ज्यांनी कुणी हे आखलं त्यांनी गरिबाला निरोपच पाठवलाय: आजारी पडायचं तर मोठं पडा, किरकोळ आजाराला आमच्याकडे वेळ नाही. त्या महिन्याच्या पगारानंतर मी लातूर सोडलं. आणि इथं येऊन, स्वतःच्या हातानं फळा रंगवून, मी तेच केलं होतं.

"मावशी, उद्या केंद्रात या. मी स्वतः देते गोळ्या."

"उद्या माजी पात कोण धरल?"

"टोळी धरते ना?"

"येकीची धरत्यात बाई. अकराजणींच्या कशा धरतील? तुमीच लिवलंय ना, ज्येची गोळी त्येनं यावं. मी आले तर समद्यांनी यावं लागतंय. अकरा बाया गेल्यावर गुत्तं कोन वडल? मालक दुसरी टोळी बगतो."

"तुम्ही एकट्या या. तुमचं सगळ्यांत जास्त आहे."

"म्होरकीनंच आपल्यापुरतं बगितल्यावर टोळी ऱ्हाती का?"

शिकलेल्या माणसाला गप्प करायला फार लागत नाही, फक्त समोरच्यानं खरं बोलावं लागतं. निघताना मी पिशवीतली गोळ्यांची दोन पाकिटं तिच्या हातात दिली. तिनं चुलीमागच्या दोरीवरून जुनं लुगडं ओढलं, काठाची चिंधी टर्रकन फाडली आणि गोळ्या त्यात बांधल्या.

"आता चुकत न्हाई," ती म्हणाली. टोमणा होता. मी मुकाट्यानं घेतला.

फळा मी दुसऱ्या दिवशी सकाळी उतरवला. पण नुसता उतरवून काय होतं? चिंध्या परत आल्या असत्या, मोजणं मात्र राहिलंच असतं. दोनशे दहावाल्या बाईला न तपासता महिनोन् महिने तीच गोळी द्यायची, हेही मला पटत नव्हतं. त्या येऊ शकत नाहीत. मी जाऊ शकते. इतकी साधी गोष्ट, आणि मला ती सुचायला एक बाई आडवी व्हावी लागली.

पुढच्या गुरुवारी दुपारी मशीन, गोळ्या आणि रजिस्टर घेऊन मी शेतावर गेले. हळदीची खुरपणी चालू होती. भाकरीच्या सुट्टीत बायका लिंबाखाली बसतात. मी सांगितलं, आधी दहा मिनिटं नुसतं बसायचं, बोलायचं नाही, मग मोजणार, मग भाकरी. बोलायचं नाही म्हटल्यावर सोळाच्या सोळाजणी हसायला लागल्या. ते हसू थांबायलाच पाच मिनिटं गेली.

"ओ सिस्टर, खुरपं तरी धरता येतंय का तुमाला?" एकीनं विचारलं.

मी तिचं खुरपं घेतलं आणि हाताला लागेल तेवढा पट्टा खुरपून दाखवला. मावशीनं मागं वाकून बघितलं, एक हरळीची काडी उपटली आणि सगळ्यांना दाखवली. "मूळ तसंच ठिवलंय." पुन्हा हसू. माझी माय असती तर तिनंही हेच म्हटलं असतं. मला फार बरं वाटलं. किती दिवसांनी कुणीतरी मला माझी चूक तोंडावर सांगितली होती, आणि तीही कागदावर नाही.

अकराजणी मोजून झाल्या, आणि ज्या गोळ्या घेत नव्हत्या त्या पाचजणींतल्या दोघींनाही बीपी निघाला. म्हणजे अकराच्या तेरा झाल्या. गोळ्या चिंध्यांत बांधल्या गेल्या. मावशीची गोळी मी वाढवली होती, प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना फोन करून, विचारून. हे मुद्दाम सांगते, नाहीतर म्हणतील ही बाई मनाला येईल ते करते. सगळं मिळून पाऊण तास लागला. कुणाची पात मागे पडली नाही, कुणाचा रोज बुडला नाही.

मग दर गुरुवारी मी जाऊ लागले. टोळी असेल त्या शेतात, दुपारी दीड ते अडीच. गावात आणखी दोन टोळ्या आहेत, त्यांनीही निरोप धाडला. रजिस्टरमध्ये ठिकाणाचा रकाना असतो. तिथे मी प्रामाणिकपणे लिहायचे: बांध.

हा प्रामाणिकपणा नडला. आमच्या कामाची नोंद मोबाइलवरही होते आणि मोबाइल जागा पकडतो. तिसऱ्या महिन्यात तालुक्याहून पत्र आलं: कार्यालयीन वेळेत मुख्य जागा सोडून इतरत्र बाह्यरुग्ण तपासणी का केली, याचा खुलासा समक्ष हजर राहून करावा.

मी समक्ष गेले. साहेब वाईट नव्हते. बसा म्हणाले, चहा मागवला.

"मॅडम, भावना मला समजतात," ते म्हणाले, "पण ओपीडी ही ओपीडीच्या जागी असते. पेशंटनं यायचं असतं. फुकट तर आहे सगळं."

"फुकट नाही साहेब. गोळीची किंमत एक दिवसाचा रोज आहे. तुम्ही-आम्ही दवाखान्यात गेलो तर आपला पगार चालू राहतो. त्यांचा बंद होतो."

"महिन्यातून एक दिवस!"

त्यांच्या टेबलावर पाण्याच्या ग्लासाशेजारी गोळ्यांची पट्टी होती. मी ओळखली. तीच गोळी, मावशी घेते ती, फक्त बाजारातली.

"साहेब, ही आणायला तुम्ही स्वतः गेला होतात का?"

त्यांनी पट्टीकडे पाहिलं. "शिपाई आणतो. का?"

"काही नाही. मावशीला शिपाई नाही, म्हणून मी जाते."

हे बोलायला नको होतं, असं माझ्या मैत्रिणी म्हणतात. मला तसं वाटत नाही. साहेबांचा चेहरा मात्र उतरला आणि मग कडक झाला. त्यांनी एक प्रश्न विचारला, आणि तो बरोबर होता. "तुम्ही शेतात असताना केंद्राला कुलूप. तेव्हा साप चावलेलं पोर आलं तर? कुणाला विचारायचं मी?"

मी म्हटलं, हे तुमचं खरं आहे. त्यांना वाटलं मी नमले. ते म्हणाले, "मग गुरुवारचं बंद करा. नाहीतर मला तुम्हाला किनवटकडे टाकायची शिफारस करावी लागेल."

आमच्याकडे किनवटचं नाव असं घेतात, जंगलाच्या तोंडाशी नेऊन सोडल्यासारखं. मला त्याचाच जास्त राग आला.

"किनवट ही शिक्षा आहे का साहेब? तिथं माणसं राहत नाहीत? टाका. तिथंही बायका रानातच असतात, मी तिथंही रानात जाईन."

चहा तसाच राहिला. परतीच्या एसटीत मी घरखर्चाचा हिशोब मांडला, ते कबूल करते. मला नोकरी हवी आहे. घर माझ्या पगारावर चालतं. पण त्यापेक्षा एक गोष्ट डोक्यात फिरत होती: गुरुवार बंद म्हणजे मावशीची गोळी बंद. आणि गोळी बंद म्हणजे त्या घरात दुसरी बाज.

संध्याकाळी मी मावशीकडे जाऊन सगळं सांगितलं. सापाचंही सांगितलं. ती जावेला पेज भरवत होती. तोंड पुसलं, वाटी खाली ठेवली आणि म्हणाली, "येवडंच व्हय? मंग आमची येक बाई बसल की तुमच्या वट्यावर. कुलूप कामून लावायलाव?"

"आणि तिची पात?"

"आमी वडतो. गोळ्या आनायला येक बाई जायचीच की पयली. आता तीच बाई बसल. फोन देऊन ठिवा तिच्यापाशी. कायी झालं तर लावल. तुमी येवडं लांब हाव का?"

मी नव्हतेच लांब. गाडीनं दहा मिनिटं.

तेव्हापासून दर गुरुवारी टोळीतली एक बाई, पाळीपाळीनं, केंद्राच्या ओट्यावर बसते. दार उघडं असतं, कपाटाची किल्ली माझ्याकडे असते. ती आलेल्या माणसाला पाणी देते, बसवते, गरज पडली तर मला फोन लावते. वाचता येत नाही, पण फोनवरचं हिरवं बटण तिला कळतं. दोनदा फोन आला, दोनदा मी दहा मिनिटांत पोचले. एकदा भाजलेलं लेकरू होतं, एकदा नुसतं उलट्यांचं. तिची पात बाकीच्या ओढतात आणि संध्याकाळी वाटा पुरा देतात. सरकारनं या कामाचा एक पैसा दिलेला नाही, मी मागितला तर म्हणाले अशी तरतूद नाही. म्हणजे एका केंद्राची ओपीडी खुरपणीच्या सोळा बायका स्वतःच्या मजुरीतून चालवतात, आणि खुलासा मात्र माझ्याकडे मागितला जातो. हे ज्याला बरोबर वाटतं त्यानं एक दिवस ती पात धरून बघावी.

मागच्या महिन्यात दुसरं पत्र आलं. भाषा आधीपेक्षा कडक. ताकीद देऊनही नेमून दिलेली जागा सोडल्याबद्दल आपणावर कारवाई का करू नये? सात दिवसांत लेखी खुलासा.

तो गुरुवारच होता. पत्र मी पिशवीत टाकून शेतावर नेलं. तुरीची खुरपणी होती. दहा मिनिटं बसून झाल्यावर मावशीचा पट्टा बांधला. वरचा एकशे छत्तीस, खालचा चौऱ्याऐंशी. मी आकडा मोठ्यानं सांगितला. सोळाजणींना आता आकडे कळतात, एकीनं टाळी वाजवली. मावशीनं दंड पुसला आणि माझ्याकडे बघून विचारलं, "मंग तोंड कामून पाडलंय?"

मी पत्र वाचून दाखवलं. जड शब्द सोडले, सोपं करून सांगितलं: साहेब म्हणतात, सिस्टरनं जागा सोडली.

मावशीनं चिंधीतली गोळी काढली, तांब्यातलं पाणी तोंडात घेतलं, गोळी गिळली. मग म्हणाली, "जागा सोडली म्हनत्यात व्हय? मंग लिवा त्येन्ला. पेशंट जाग्यावर व्हता म्हनावं."

मी तिथंच, लिंबाखाली, रजिस्टर मांडीवर घेऊन खुलासा लिहिला. एकच ओळ. रुग्ण आपापल्या जागेवर हजर होते, म्हणून मी तिथे गेले. खाली माझी सही केली, आणि सहीखाली, कुणी न सांगता, एकामागून एक पंधरा अंगठे उठले. बायका मग पातीवर गेल्या. मी मशीन पिशवीत भरलं, केंद्राच्या ओट्यावर बसलेल्या सोळावीचा अंगठा घेतला आणि पोस्टात जाऊन पत्र टाकलं.